‘डोंगा’ दोनदा येतो

अक्षरांची विचारपूस : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

गेल्या अंकात मी शाळेच्या दर्शनी फळ्यावरच्या सुविचाराबद्दल लिहिलं होतं. सोलापूरच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली आणि त्यातली बहुतेक वर्षं तो फळा माझ्याकडेच होता. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी वीस मिनिटं. त्या लेखावर बरीच पत्रं आली. वेगवेगळ्या शब्दांत बहुतेकांनी एकच विचारलं आहे : वाक्याचा अर्थ अक्षरांत उतरवायचा म्हणजे हातानं नेमकं काय करायचं? सगळ्या पत्रांना इथे जागा नाही. ज्यांत काही ठोस अडचण होती ती घेतली आहेत.

प्रश्न : बाई, मी बार्शी तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. आमच्या कुंपणाच्या भिंतीवर चोखोबांची ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा’ ही ओळ लिहून घ्यायचं ठरलंय. पेंटरनं नमुना करून आणला. प्रत्येक अक्षर म्हणजे उसाचं कांडं. हिरवं-पिवळं, पेरं, पाचट, सगळं आहे. मुलं खूश झाली, पण चौथीच्या मुलांनाही ते वाचता येईना. मुख्याध्यापक म्हणतात, छान आहे, रंगवून टाका. मला काहीतरी खटकतंय, पण काय ते सांगता येत नाही.

उत्तर : तुम्हाला खटकलं ते बरोबर खटकलं, आणि रंगाचा डबा उघडायच्या आधी खटकलं हे फार चांगलं झालं.

पेंटरनं ऊस काढला. पण ही ओळ उसाची नाही. ऊस तर आपल्या जिल्ह्यातली मुलं हंगामात रोज ट्रॉल्यांमधून जाताना बघतात, पाठीमागून कांडं ओढून खातात. त्यासाठी भिंत कशाला? चोखोबा मंगळवेढ्याचे, चौदाव्या शतकातले. ज्या विठ्ठलासाठी आयुष्य दिलं त्याच्या देवळात पाऊल टाकायची त्यांना बंदी होती. ‘डोंगा’ म्हणजे वाकडा. या अभंगात उसानंतर कमान येते, मग नदी येते आणि शेवटी ते स्वतःचं नाव घेतात : ‘चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा’. म्हणजे पहिल्या ओळीतला वाकडा ऊस शेवटी माणूस निघतो. जगानं ज्याला वाकडा ठरवून बाहेर उभं केलं, तो माणूस. आता तुमच्या भिंतीवरची ती पेरांची, पाचटाची अक्षरं डोळ्यांपुढे आणा. एका माणसाच्या वेदनेला आपण जत्रेतल्या पाटीचं रूप देतोय, तेच तुम्हाला खटकलं.

दुसरी गोष्ट रंगाची. ओळ स्वतःच विचारते आहे, ‘काय भुललासी वरलिया रंगा’. आणि तेच वाक्य आपण हिरव्या-पिवळ्यात रंगवून मुलांना वरच्या रंगावर भुलवतोय. या ओळीला एकच रंग हवा. पांढऱ्या भिंतीवर गेरू. दुसरा डबा आणूच नका.

मी वर्गात वर्षानुवर्षं एकच सांगत आले : वाक्यातल्या नामाचं चित्र काढायला धावू नका, वाक्य कुठे वळतं ते आधी शोधा. नामाचं चित्र काढलं की बघणारा तिथेच थांबतो. ऊस दिसला, संपलं. वाक्याचं वळण अक्षरात आलं तर तो वाचत पुढे जातो. इथे वळण कुठे आहे? ‘परी’ आणि ‘नोहे’ या दोन लहान शब्दांत. आणि ‘डोंगा’ हा शब्द दोनदा येतो. एकदा तो खरा आहे, एकदा तो नाकारलेला आहे. ओळीची सगळी ताकद तिथे आहे.

आता ‘डोंगा’ हा शब्द नीट बघा. यात तीन उभे दंड आहेत : ओकाराचा काना, ग चा स्वतःचा दंड आणि शेवटचा काना. शेजारी शेजारी उभे असलेले तीन ऊसच म्हणा ना. काढायला काही लागतच नाही, लिपीनं ते आधीच देऊन ठेवले आहेत. पहिल्या ‘डोंगा’त हे तीन दंड एकाच बाजूला वाकवा, वाऱ्यानं ऊस कलतो तसे. फार नाही, फूटभर उंचीच्या अक्षरात दोन बोटं. पेरं नकोत, पानं नकोत. ‘परी’पासून अक्षरं सरळ होऊ लागतील. आणि दुसऱ्या ‘डोंगा’चे तीनही दंड ओळंबा सोडून आखा, गवंडी भिंतीचा कोपरा धरतो तसे. शिरोरेषा मात्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकच, पाणसळीत. ती वाकली की सगळीच ओळ डगमगते आणि मग वाकलेले दंड मुद्दाम वाकवलेत हे कळत नाही. पेंटरचा हात हलला असं वाटतं.

‘ऊस’ हा शब्दही सरळच ठेवा. मोह होईल. पण स चा दंडही वाकवला तर ‘डोंगा’ वाकायच्या आधीच गोष्ट सांगून झाली. आणि ‘काय भुललासी वरलिया रंगा’ ही ओळ खाली, निम्म्या उंचीच्या साध्या अक्षरांत. तिला काही करायचं नाही. ती प्रश्न विचारते, तेवढं पुरे.

काम करताना : आधी ब्राऊन पेपरवर पूर्ण आकारात फक्त ‘डोंगा’ दोन्ही प्रकारे काढून घ्या. कडेनं सुईनं भोकं पाडा, कागद भिंतीला चिकटवा आणि कोळशाची पूड फडक्यात बांधून थोपटा; ठिपक्यांची रेघ उमटते. शिरोरेषेसाठी खडूची दोरी मारा. तुमच्या पेंटरला हे सगळं येत असेल, त्याचा हात चांगला आहे हे नमुन्याच्या वर्णनावरूनच कळतंय. त्याचं काम नाकारू नका, त्याला हे काम द्या. आणि चौथीच्या दोन मुलांना समोरच्या झाडाखाली उभं करून वाचायला सांगा. अडखळली तर वाक कमी करा.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ या म्हणीवर अक्षरचित्र काढायचं होतं. मी सगळ्या अक्षरांत निळे थेंब भरले. खूप मेहनत घेतली तरी दहापैकी चारच गुण मिळाले. काय चुकलं?

उत्तर : बाळ, मेहनत चुकली नाही. थेंब कुठे ठेवायचे ते चुकलं. म्हण हळू, एकेक अक्षर बघत लिही : थें, बे, थें, बे. दोन अनुस्वार दिसले का? ते थेंबच आहेत, तुझ्या आधीपासून तिथे बसलेले. पुढच्या ‘तळे साचे’मध्ये एकही अनुस्वार नाही. म्हणजे थेंब संपले आणि तळं झालं! ही म्हण लिपीतच चित्र होऊन आली आहे, आणि तू सगळीकडे थेंब भरलेस म्हणून हे दोन त्यांत हरवले.

पुन्हा करून बघ. पूर्ण म्हण काळ्या रेघेत, पोकळ अक्षरांनी लिही. दोनच अनुस्वार निळे. मग ‘साचे’ या क्रियापदाकडे ये. साचणं म्हणजे पातळी चढणं. प्रत्येक अक्षर भांडं समज : ‘त’मध्ये तळाशी बोटभर निळं, ‘ळे’मध्ये थोडं वर, ‘सा’मध्ये निम्म्यावर, ‘चे’मध्ये गळ्यापर्यंत. वरची कड पट्टीनं सपाट ठेव, लाटा काढू नकोस. तू सोलापुरात असशील तर सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभी राहून बघ. पाऊस झाल्यावर थेंब कुठे दिसतात? किती पायऱ्या बुडाल्या त्यावरून पाणी वाढलेलं कळतं.

नवीन चित्र मला पाठव. गुणांसाठी नाही, मला बघायचंय.

प्रश्न : बाई, ओळखलंत का माहीत नाही, मी तुमच्याच हाताखाली शिकलो. आता अशोक चौकाकडे एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो. रोज सुविचार असलेले फ्लेक्स येतात : वाढदिवस, उद्घाटन, श्रद्धांजली. गिऱ्हाईकाला चार रंग, मागे चमक, अक्षरांना सावली, सगळं हवं असतं. जागा रिकामी दिसली की म्हणतात, इथे काहीतरी टाका की. अर्थाचा विचार कुठे करू? शिवाय मोबाईलवरून आलेला मजकूर टाकला की जोडाक्षरं मोडतात.

उत्तर : पत्रातली अक्षरं बघितली आणि ओळखलं. तुझा ‘क’ अजून तसाच आहे.

आधी मोडणाऱ्या अक्षरांचं, कारण मोडलेल्या अक्षराला कसलाच अर्थ राहत नाही. दुकानातले जुने मराठी फॉन्ट इंग्रजी कळांच्या जागांवर बसवलेले आहेत. मोबाईलवरून येतो तो मजकूर युनिकोड. दोन्ही एकमेकांचे नाहीत. शिवाय जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोडची वेलांटी आणि जोडाक्षर जुळवता येत नाही, मग ‘विठ्ठल’ पायमोडका होऊन बसतो. युनिकोड फॉन्ट वापर, सॉफ्टवेअर नवं घ्यायला मालकांना सांग, आणि कागदावर छापून वाचल्याशिवाय अक्षरांचे आकार गोठवू नकोस, म्हणजे मजकुराचं चित्र करून टाकू नकोस. ‘ऱ्या’कडे खास लक्ष दे. ‘दऱ्या’ लिहायच्या होत्या आणि ‘दर्या’ झाला, तर डोंगरातला माणूस समुद्रात गेला. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का तेही बघ. पाकळीचा ल आणि देठाचा श हे आपल्या राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातही दिले आहेत. बरेच फॉन्ट हिंदी वळण आधी दाखवतात, मराठी वळण भाषा निवडल्यावर येतं.

फॉन्ट कुठला, तर पैसे न देता मिळणारे चांगले फॉन्ट आता आहेत. मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्ता, बालू, मोदक हे तिघे मी स्वतः वापरते. मुक्ता शांत आहे, लांब मजकुराला चालतो. बालू गुबगुबीत, लहान मुलांच्या कामाला. मोदक तर नावासारखाच, आतली पोकळी जवळपास बुजलेली. बारशाला झकास दिसेल. पण गेल्या महिन्यात एका चौकात मी श्रद्धांजलीचा फ्लेक्स तसल्याच गुबगुबीत अक्षरांत बघितला. गेलेल्या माणसाच्या फोटोखाली फुगलेली, हसरी अक्षरं. मला पुढे जाववेना. ते काम तुझं नसेल, पण तुझ्या हातून असं होऊ देऊ नकोस.

आणि अक्षरं ताणू नकोस, हात जोडून सांगते. चौकट भरावी म्हणून ओळ आडवी ओढली की उभे दंड जाड होतात आणि शिरोरेषा होती तेवढीच राहते. उभी ओढली की शिरोरेषा जाडजूड आणि दंड किडकिडीत. ज्यानं ते अक्षर घडवलं त्यानं महिनोन्‌महिने या दोन जाडींचं नातं जुळवलेलं असतं.

गिऱ्हाईकाचं म्हणशील तर भांडून काही होत नाही. दोन नमुने कर : एक तो म्हणतो तसा, एक तुझा. मोबाईलवर लहान करून, हात लांब करून दोन्ही दाखव. किंवा छोटे छापून शटरला लाव आणि त्यालाच रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभा कर. फ्लेक्स वाचला जातो तो चालत्या गाडीवरून. पलीकडून काय वाचता येतंय ते त्याचं त्यालाच कळेल. मग रिकाम्या जागेत काही टाकायला सांगणार नाही.

माझ्या वडिलांकडे एक जुनी हिशेबाची वही होती. तिच्यात त्यांनी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती कापून चिकटवल्या होत्या, फक्त नावांसाठी. नाटकांची नावं रेखाटणाऱ्या कमल शेडगे यांची अक्षरं त्यांत पुष्कळ. २०२० साली ते गेले तेव्हा मी ती वही काढून पुन्हा चाळली. नाटक हसवणार की पोटात कालवणार हे नावाच्या वळणावरूनच कळायचं, तेही काळ्या-पांढऱ्यात, रद्दीच्या कागदावर. तुझ्याकडे तर लाखो रंग आहेत. आठवड्यातून एक फ्लेक्स एकाच रंगात करून बघ.

प्रश्न : हल्ली बऱ्याच ठिकाणी शिरोरेषा न देता मराठी लिहितात. दिसायला आधुनिक वाटतं. सुविचारात चालेल का?

उत्तर : माझं बालपण सोलापूरच्या पूर्व भागातलं. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी. तेलुगू अक्षरांना शिरोरेषा नसते, त्यामुळे पहिलीत मी पाटीवर सगळे शब्द आधी लिहून घ्यायची आणि शेवटी एकदम रेघ मारायची, दोरीवर कपडे वाळत घालतात ना, त्याच्या उलट. मोडी लिहिणारे आधी पानभर रेघ ओढत आणि मग अक्षरं तिला लटकवत. गुजरातीनं ती रेघ सोडूनच दिली आणि तिचं काही अडलं नाही. तेव्हा रेघ म्हणजे देवाज्ञा नाही.

पण आपल्या लिपीत ती काम करते. भ आणि म, ध आणि घ यांतला फरक बराचसा रेघेच्या खंडावर आहे. रेघ काढली आणि गाठी नीट नसल्या तर ‘भरण’चं ‘मरण’ होतं. आणि काढायचीच तर वाक्यात तसं कारण हवं. समर्थांच्या मनाच्या श्लोकांतलं ‘तुटे वाद संवाद तो हितकारी’ घ्या. पहिला विचार येतो, ‘तुटे’वर रेघ तोडावी. पण तुटतो कोण? वाद. रेघ ‘वाद’वर तुटावी आणि ‘संवाद’वर पुन्हा अखंड व्हावी. तोच ‘वाद’ पुढे ‘सं’ लागून सांधला जातो, हे मग डोळ्यांना दिसतं. अशी तुटलेली रेघ मला मान्य आहे. केवळ आधुनिक दिसावं म्हणून असेल तर नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. आमच्या घरी पूर्वी चादरीचे माग होते, आता एका कारखान्यात ओळखीनं काही खास विणून मिळतं. आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. चादरीवर एक चांगला सुविचार विणून द्यायचाय, संसार, प्रेम, साथ असं काहीतरी. वाक्य सुचवा आणि अक्षरं कशी असावीत तेही सांगा. (आई अजून येईल त्याला म्हणते, जेवूनच जावा. पन्नास माणसं आली तरी तेच. तिला शोभेल असं हवं.)

उत्तर : दादा, वाक्य तुम्ही कंसात लिहून पाठवलंय. ‘जेवूनच जावा’. याहून चांगलं मी कुठून आणू?

आणि योगायोग बघा. माझे वडील चादरीच्या नक्षीचे आलेख काढायचे. जमिनीवर पाट, पाटावर चौकटींचा कागद, तांबडी पेन्सिल, आणि मागच्या बाजूला मागांची खटखट. एकेक चौकट भरत जायची. भरलेली चौकट म्हणजे तिथे या रंगाचा धागा वर, रिकामी म्हणजे खाली. मग त्यावरून कार्डाला भोकं पडत आणि कार्डांची माळ जकार्डवर चढे. फ्रान्समधल्या लिआँच्या जकार्ड नावाच्या माणसानं १८०४ च्या सुमारास हे यंत्र आणलं, आणि आमच्या गल्लीत प्रत्येक घराला त्याचं आडनाव पाठ होतं, तो माणूस होता हे कुणालाच माहीत नसायचं. अलीकडे हे काम संगणकावर होतं, पण चौकटी त्याच.

चौकटींत वळण येत नाही, पायऱ्या येतात. म्हणून विणायच्या अक्षराला उभ्या दंडांचे शब्द बरे. आता ‘जेवूनच जावा’ बघा : ज, व, न, च, ज, व. सहाच्या सहा अक्षरांना दंड आहे! दोन काने वेगळे. ऊकार तेवढा वळणाचा, त्याला तीन पायऱ्या द्या, जास्त बारकाव्यात जाऊ नका. वडील असते तर त्यांनी हे वाक्य बघून हातच चोळले असते.

पण एक धोका आहे, आणि तो न सांगता कारखान्यात जाल तर फसाल. साध्या चौकटींच्या वहीवर अक्षर काढू नका. कापडात इंचाला जितके उभे धागे असतात तितकेच आडवे असतील असं नाही. ते प्रमाण वेगळं असलं की कागदावरचं सरळ अक्षर चादरीवर बुटकं नाहीतर लांबुळकं होतं. कारखान्यातून आधी ते प्रमाण विचारा आणि त्या मापाचा आलेख घ्या. आणि आपली चादर दोन्ही बाजूंनी वापरायची. मागे रंग उलटे होतात आणि अक्षरंही आरशातल्यासारखी उलटी. म्हणून मजकूर मधोमध भला मोठा घालू नका. दोन्ही टोकांच्या काठांत, चार बोटांच्या पट्टीत घ्या. एका टोकाचा मजकूर दुसऱ्याच्या उलट्या दिशेनं, म्हणजे कुठूनही अंथरली तरी पायथ्याशी उभ्या माणसाला एक काठ सरळ वाचता येईल.

आता अर्थ. तुमच्या आईच्या वाक्यात प्रेम ‘जेवून’मध्ये नाही, ‘जावा’मध्ये तर नाहीच. ते ‘च’मध्ये आहे. ‘जेवून जावा’ कुणीही म्हणतं. ‘जेवूनच’ म्हटलं की पाहुण्याच्या हातातली पिशवी आपण काढून घेतली. तो एक ‘च’ दुसऱ्या रंगात विणा. बाकी अक्षरं चादरीच्या मूळ रंगाशी जवळची, थोडी दबलेली. ‘च’ तेवढा डाळिंबी. आकार वाढवू नका, रंग पुरेसा आहे. भाकरीचं, ताटाचं चित्र घालू नका. आणि ‘आईबाबांना सप्रेम’ वगैरेही नको, त्यांना कळेल.

खाली तारीख हवी असेल तर लग्नाचं साल तेवढं घाला, एका कोपऱ्यात, आकड्यांत.

प्रश्न : बोरू कुठला घेऊ? मी इंग्रजी कॅलिग्राफीचा संच आणला, पण देवनागरी जमत नाही.

उत्तर : दोन्ही लिप्यांत जाड-बारीक रेघ उलट्या दिशांना पडते, म्हणून बोरूचा काप इंग्रजीच्या उलट तिरका असतो. संच बाजूला ठेवा. दोन पेन्सिली रबरानं एकत्र बांधा आणि त्यांची टोकं जुन्या छापील पुस्तकातल्या ‘अ’वर फिरवून बघा, कोन आपोआप सापडेल. मग त्या कोनात बांबूची काडी कापून घ्या.

प्रश्न : तुम्ही अक्षर सुंदर कसं करावं हे सांगता. पण आजकाल कुणाचंही वाक्य कुणाच्याही नावावर फिरतं. विवेकानंद, बाबासाहेब, कलाम यांचा फोटो लावला की काहीही खपतं. सुलेखनकारानं हे तपासायचं की ते त्याचं काम नाही?

उत्तर : त्याचंच काम आहे. मी हे ठामपणे सांगते, कारण माझ्याकडून चूक झाली आहे.

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या सभागृहात मला वाचनाबद्दलचं एक वाक्य लिहायला बोलावलं. खाली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव लिहायचं होतं. मजकूर टाइप करून दिलेला होता. मी तीन दिवस घोडीवर चढून काम केलं. नावासाठी मी खास वळण शोधलं होतं, शिरोरेषा थोडी जास्त लांब, पुढच्या पिढ्यांना सावली देणारी अशी माझी कल्पना. लोकांना फार आवडलं. फोटो काढून गेले.

वर्षभरानं एक निवृत्त प्राध्यापक तिथे भेटले आणि शांतपणे म्हणाले, बाई, हे कुठल्या भाषणातलं? मला सांगता आलं नाही. समितीतल्या कुणालाच सांगता आलं नाही. कुणाच्या तरी मोबाईलवर आलं होतं. बाबासाहेबांची भाषणं आणि लेखन राज्य शासनानं १९७९ पासून खंडांमध्ये छापलं आहे. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच वाचनालयात बसून, ओळखीच्या दोघा शिक्षकांना मदतीला घेऊन, जमेल तेवढे खंड चाळले. ते वाक्य काही सापडलं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर पुराव्याशिवाय शब्द लिहिला नाही, त्याच्या नावाखाली मी बिनपुराव्याचं वाक्य लिहून ठेवलं होतं, आणि ते सुंदर लिहिलं होतं म्हणून वर्षभर कुणी शंका घेतली नव्हती. बेढब अक्षरात असतं तर कुणीतरी आधी विचारलं असतं, हे मला फार लागलं.

तेव्हापासून मी मजकुराबरोबर ठिकाण मागते. कुठला अभंग, कुठलं भाषण, कुठलं पत्र. नाही मिळालं तर दोन वाटा : नाव न घालता वाक्य लिहायचं, किंवा लिहायचंच नाही. म्हणी आणि आईची वाक्यं त्यामुळेच मला आवडतात; त्यांच्यावर कुणाचं खोटं नाव चढत नाही.

त्या भिंतीवर नवी ओळ तुकोबांची लिहिली : ‘आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें । शब्दांचींच शस्त्रें यत्नें करूं’. गाथेचं पान समोर उघडं ठेवून, अनुस्वार मोजत. पण आधी जुनं काढायला हवं होतं. ऑइलपेंटच्या अक्षरांवर नुसता रंग मारला तर कडा वर दिसत राहतात, म्हणून पॉलिश पेपरनं घासून काढावं लागलं. वाक्य एका दिवसात गेलं. नावाला मी दोन हात जास्त रंग दिला होता, त्याला आणखी दीड दिवस लागला.